बाण सोडण्याआधी धनुष्य उतरवायला शिका



दरवर्षी सप्टेंबर लागला की मिशिगनमधल्या माझ्या आतेभावाचा व्हिडिओ कॉल येतो. घरामागच्या अंगणात त्याने फोमचं हरीण उभं केलेलं असतं आणि हातात कंपाउंड धनुष्य असतं. "आमचा हंगाम एक ऑक्टोबरला सुरू. तुमचा कधी गं?" हा त्याचा ठरलेला प्रश्न. तिकडे धनुष्याने हरणाची शिकार करायला परवाना मिळतो आणि लोक ऑगस्टपासून सराव करतात.

"आमचाही दसऱ्यालाच रे," मी म्हणते. "फक्त आमचं हरीण कागदाचं असतं, आणि त्याच्या पोटात पिवळा गोल असतो."

आमच्या घरात शिकारीच्या गोष्टी काही कमी नाहीत. खानापूरच्या रानात रानडुकराच्या मागे गेलेल्या मंडळींच्या कथा आज्जा अजून रंगवून सांगतात. पण 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि ते पर्व संपलं. आज भीमगड अभयारण्य त्याच खानापूर तालुक्यात आहे. आता उसात रानडुक्कर शिरलं तर वन खात्याकडे जायचं, हत्यार घेऊन रानात नाही. त्यामुळे आपल्या सीमाभागातल्या पोरांचा 'हंगाम' म्हणजे पावसाळा सरल्यावरच्या शालेय, जिल्हा आणि राज्य पातळीवरच्या स्पर्धा.

मी निपाणीची. नोकरी बेळगावात करते आणि शनिवारी संध्याकाळच्या गाडीने गावी जाऊन रविवारी सकाळी आमच्या जुन्या मैदानावर मुलांना धनुर्विद्या शिकवायला सरांना मदत करते. आपल्या अंकासाठी 'हंगामाआधीची तयारी' या विषयावर लिही, असं संपादक ताईंनी सांगितलं, तेव्हा वाटलं, उभं कसं राहायचं, धरायचं कसं, एवढं लिहिलं की झालं. पण लिहायला बसले आणि आठ वर्षांपूर्वीची एक सकाळ आठवली. ती सांगितल्याशिवाय बाकीचं सांगण्यात अर्थ नाही. घरी आजवर ही गोष्ट सांगितलेली नाही. आई हा अंक वाचते, तेव्हा आई, आधीच माफी मागते.

त्या सकाळी काय झालं

मी तेव्हा बारावीत होते. आपल्याकडचा पावसाळा तुम्हाला माहीतच आहे. जून ते सप्टेंबर मैदानात चिखल, टार्गेटचं गवत कुजलेलं आणि धनुष्य पिशवीत. त्या वर्षी जवळजवळ अडीच महिने मी दोरीला हात लावला नव्हता. ऊन पडलं आणि पहिल्याच रविवारी मी माझं 34 पौंडांचं रिकर्व्ह धनुष्य काढलं. 34 पौंड म्हणजे दोरी पूर्ण ओढल्यावर बोटांवर साधारण साडेपंधरा किलोचा ताण. पावसाआधी ते मला कसंबसं पेलत होतं. पावसानंतर पेलणार नाही, हे मला कळत होतं, पण माझ्यापेक्षा लहान पोरी 30 पौंड ओढत होत्या. मग मी कमी कशी ओढणार?

टार्गेट 30 मीटरवर. त्याच्या मागे मातीचा बांध, आणि बांधापलीकडे ऊस. बांधावरून वस्तीकडे जाणारी पायवाट होती. सराव चालू असताना त्या वाटेने कुणी यायचं नाही, असा नियम होता, पण अडीच महिने सरावच नव्हता, तर नियम कोण लक्षात ठेवणार?

मी दोरी हनुवटीपर्यंत ओढली. हात थरथरत होते. तेवढ्यात बांधाच्या कडेने एक सात-आठ वर्षांचा पोरगा शेरडू ओढत वर आला. मागून कुणीतरी ओरडलं, "थांब!" दुसरं कुणी ओरडलं, "निल्लु!" मला दोन्ही भाषा येतात. दोन्ही शब्द ऐकू आले आणि कळलेही. पण थांबता येईना. पाठीतलं बळ संपलं होतं. दोरी हळूहळू परत पुढे न्यायलासुद्धा ताकद लागते, आणि ती माझ्याकडे नव्हती. बोटं आपोआप सुटली.

बाण टार्गेटच्या वरून गेला आणि बांधात रुतला. पोरापासून दोन हातांवर.

पोरगा घाबरला नाही, कारण त्याला काही कळलंच नव्हतं. त्याने बाण उपसला, शेरडू सोडून धावत आला आणि हसत माझ्या हातात दिला. "आक्का, हे घे तुझा बाण."

मी तिथेच खाली बसले.

सर ओरडले नाहीत. त्यांनी आधी पोराला वस्तीवर पोचवलं, मग येऊन माझं धनुष्य काढून घेतलं आणि म्हणाले, "उतरवायला येत नसंल, तर ओढायचं न्हाई. महिनाभर हे घे." हातात दिलं ते नवख्या पोरांचं हलकं लाकडी धनुष्य.

अश्वत्थाम्याची चूक

त्या रात्री झोप लागली नाही. आज्जांनी लहानपणी सांगितलेली महाभारतातली गोष्ट आठवत राहिली. युद्ध संपल्यावर अश्वत्थामा आणि अर्जुन दोघांनीही ब्रह्मास्त्र सोडलं. ऋषींनी मध्ये पडून अस्त्रं मागे घ्यायला सांगितली. अर्जुनाने घेतलं. अश्वत्थाम्याला घेता येईना, कारण त्याला सोडायची विद्या येत होती, परत घ्यायची नाही. अर्जुन श्रेष्ठ का, याचं उत्तर आपण सगळे माशाचा आणि पोपटाचा डोळा असंच देतो. मला त्या रात्रीपासून हे दुसरं उत्तर जास्त पटतं.

पूर्ण ओढलेली दोरी बाण न सोडता सावकाश मूळ जागी आणणं, याला मैदानावर आम्ही 'लेट-डाउन' म्हणतो. ज्याला हे कधीही आणि न थरथरता जमतं, त्याचं धनुष्य त्याच्या ताकदीचं आहे आणि त्याचं शरीर योग्य जागी आहे. म्हणजे सुरक्षितता आणि चांगला फॉर्म असे दोन वेगळे धडे नाहीतच. एकाची परीक्षा दुसऱ्यात होते.

आधी वजन उतरवा

सरांची साधी कसोटी आहे. दोरी पूर्ण ओढा, मनात दहापर्यंत मोजा, मग हळू उतरवा. हे लागोपाठ पाच वेळा करा. खांदा कानाकडे चढला, हात थरथरले किंवा दोरी झटक्याने पुढे गेली, तर धनुष्य जड आहे. पावसाळ्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात हे प्रत्येकाने करून बघायचं, मागच्या वर्षी पदक मिळालेलं असलं तरी.

रिकर्व्हमध्ये लिंब, म्हणजे धनुष्याच्या वरच्या-खालच्या लवणाऱ्या पट्ट्या, बदलून वजन कमी करता येतं. मी 34 वरून 24 पौंडांवर आले. लाज वाटली, खोटं कशाला बोलू? मग दोन-दोन पौंडांनी वर चढले आणि 32 वर थांबले, ते कायमचं. कंपाउंड वापरणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. त्याच्या चाकांमुळे पूर्ण ओढल्यावर ताण बराच कमी होतो, त्यामुळे धनुष्य हलकं वाटतं. पण उतरवताना तो सगळा ताण एकदम परत येतो. तिथेच नवख्यांचा हात ओढला जातो.

सहा आठवड्यांची तयारी

दसऱ्याआधी आम्ही मुलांकडून जे करून घेतो, ते थोडक्यात असं.

पहिले दोन आठवडे: टार्गेट पाच पावलांवर. त्यावर कागद लावायचा नाही, नुसतं गवत. गुण नाहीत, नेम नाही. फक्त शरीर. पाय खांद्याइतके फाकलेले, वजन दोन्ही पायांवर सारखं. धनुष्य मुठीत आवळायचं नाही. ते अंगठ्याच्या खालच्या मांसल भागावर टेकवायचं आणि बोटं सैल सोडायची. आवळलं की धनुष्य वळतं आणि बाण बाजूला जातो. दोरी तीन बोटांच्या पहिल्या पेराच्या खाचेत नीट अडकवायची. टोकावर धरली की बोटं दुखतात आणि घाईने सुटतात.

तिसरा आठवडा: ओढणं आणि अँकर. दोरी दंडाने ओढायची नाही, पाठीने ओढायची. दोन्ही खवाटे एकमेकांकडे सरकतायत असं वाटलं पाहिजे. हात हनुवटीखाली, दोरी हनुवटीला आणि नाकाच्या शेंड्याला स्पर्शलेली, प्रत्येक वेळी त्याच जागी. डोकं दोरीकडे न्यायचं नाही, दोरी चेहऱ्याकडे आणायची. इथे मोबाईल उपयोगी पडतो. मित्राला बाजूने, तुमच्या रेषेच्या मागे उभं राहून व्हिडिओ घ्यायला सांगा. आपण सरळ उभे आहोत असं आपल्याला वाटत असतं, पण व्हिडिओत कंबर मागे वाकलेली दिसते. माझी दिसली होती.

चौथा आठवडा: 18 मीटरवर कागद लावायचा. आता सोडणं शिकायचं. बोटं उघडायची नसतात. पाठीचा ताण चालू ठेवायचा, बोटं सैल करायची, दोरी स्वतः जाते. बाण लागल्याचा आवाज येईपर्यंत धनुष्याचा हात जागचा हलवायचा नाही. बाण कुठे लागला हे बघायला मान वळवणं, ही निम्म्या मुलांची सवय असते.

पाचवा आठवडा: 30 मीटर आणि पुढे. इथे फॉर्ममधली चूक कशी वाढते, ते गणितानेच बघा. नेमात एका अंशाचा फरक पडला तर 18 मीटरवर बाण सुमारे 31 सेंटीमीटर बाजूला जातो, 30 मीटरवर 52, आणि ऑलिंपिकच्या 70 मीटरवर तब्बल 122 सेंटीमीटर. 70 मीटरच्या टार्गेटचा पूर्ण व्यासच 122 सेंटीमीटर असतो. म्हणजे मध्यावर धरलेला नेम अर्धा अंश ढळला तरी बाण कागदाच्या काठावर, आणि त्याहून जास्त ढळला की मागच्या बांधावर. बांधावर कोण आहे, हे महत्त्वाचं का, ते इथे कळतं.

सहावा आठवडा: घड्याळ आणि शिट्टी लावून स्पर्धेसारखा सराव.

आणि सगळ्या सहा आठवड्यांत एक गोष्ट न चुकता: दर सहा बाणांत एकदा सर अचानक "डाउन" म्हणतात. कुणाचं कधी, हे आधी सांगत नाहीत. ज्याचं नाव येईल त्याने ओढलेली दोरी उतरवायची आणि बाण काढून ठेवायचा. सुरुवातीला मुलं चिडतात. "सर, आता दहाच लागणार होता की!" सर म्हणतात, "मग परत ओढ. दहा कुठं पळून चाललंय?"

मैदानाचे नियम

शिट्टीची भाषा जगभर एकच आहे. दोन शिट्ट्या: रेषेवर या. एक: बाण सोडायला सुरुवात करा. तीन: बाण आणायला जा. एकामागून एक सारख्या वाजत राहिल्या: जिथे असाल तिथे थांबा, दोरी उतरवा. आमच्या मैदानावर मराठी, कन्नड, उर्दू बोलणारी मुलं एका रांगेत उभी असतात. त्या सकाळी "थांब" आणि "निल्लु" दोन्ही ओरडले गेले, तेव्हापासून आम्ही तोंडी शब्दही एकच ठरवला: "स्टॉप". तो कुणीही, अगदी पहिलीतल्या पोरानेही ओरडला, तरी सगळ्यांनी उतरवायचं. का ओरडला, हे नंतर विचारायचं. चुकून ओरडल्याबद्दल कुणाला रागवायचं नाही, नाहीतर पुढच्या वेळी खरंच गरज असताना तो गप्प बसेल.

बाकीचे नियम असे:

- दोरी फक्त रेषेवर आणि टार्गेटच्या दिशेनेच ओढायची. आकाशाकडे तोंड करून ओढायची सवय असेल तर आजच मोडा. चुकून सुटलेला बाण कुठे पडेल, सांगता येत नाही.
- बाण न लावता दोरी ओढून सोडायची नाही. बाणात जायची ती ताकद मग धनुष्यातच जिरते, आणि लिंब तडकून तोंडावर येऊ शकतो. पाहुण्यांना "जरा ओढून बघा" म्हणून धनुष्य देताना हे आधी सांगा.
- प्रत्येक फेरीनंतर बाण तपासा. कार्बनचा बाण कानाजवळ धरून हलका वाकवा. करकर आवाज आला किंवा चीर दिसली की तो बाण बाद. तो मोडूनच टाका, म्हणजे दुसरं कुणी उचलणार नाही.
- दोरीचे धागे सुटलेत का, नॉक, म्हणजे बाणाच्या शेपटीची खाच, तडकली आहे का, ते रोज बघा. पावसाळ्यात पिशवीत राहिलेल्या दोरीवर तर अजिबात विश्वास ठेवू नका.
- मोकळे केस, ओढणी, लोंबती कानातली, गळ्यातली चेन दोरीत अडकते. केस बांधा, ओढणी घरी ठेवा. आर्म गार्ड, चेस्ट गार्ड आणि बोटांचा टॅब घातल्याशिवाय रेषेवर यायचं नाही.
- बाण आणायला चालत जायचं, धावत नाही. उपसताना एक हात टार्गेटवर, दुसरा बाणाच्या मुळाशी, आणि मागे कुणी उभं नाही ना, हे आधी बघायचं. बाणाची शेपटी नेमकी डोळ्यांच्या उंचीवर असते.
- बाण सापडला नाही तर एकट्याने मागे शोधत बसायचं नाही. स्वतःचं धनुष्य टार्गेटसमोर टेकवून ठेवायचं, म्हणजे रेषेवरच्यांना कळतं की मागे माणूस आहे.

आमच्या मैदानावर आता बांधाच्या दोन्ही टोकांना लाल झेंडे लावतो. झेंडा वर असेल तर वाट बंद. वस्तीवरच्या घराघरांत जाऊन आम्ही हे सांगितलं, आणि पावसाळ्यानंतर दरवर्षी पुन्हा जाऊन सांगतो.

साताऱ्याकडे बघा

काही पालक विचारतात, "एवढी काळजी घेत बसलं तर पोरगं पुढं कधी जाणार?" त्यांना मी 5 ऑगस्ट 2023 ची आठवण करून देते. त्या दिवशी बर्लिनमध्ये जागतिक स्पर्धेत कंपाउंड प्रकारात साताऱ्याची आदिती स्वामी महिलांत आणि नागपूरचा ओजस देवतळे पुरुषांत विश्वविजेते झाले. आदिती तेव्हा 17 वर्षांची होती. अंतिम सामन्यात तिने 150 पैकी 149 गुण घेतले, तर ओजसने पूर्ण 150. पंधराच्या पंधरा बाण दहात! दोघंही साताऱ्यात प्रवीण सावंत सरांकडे शिकणारे. रिकर्व्हमध्ये फलटण तालुक्यातल्या सरडे गावच्या प्रवीण जाधवने टोकियो ऑलिंपिक गाठलं. ही सगळी माणसं आपल्या हायवेवर दोन-चार तासांच्या अंतरावरची. आणि 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडचा मिश्र सांघिक प्रकारही आला आहे, त्यामुळे आज बारा-तेरा वर्षांच्या असलेल्या मुलांपुढे नवी वाट उघडली आहे.

पंधराच्या पंधरा बाण दहात जातात, ते प्रत्येक बाण अगदी सारखाच सोडल्यामुळे. आणि एखादा बाण तसा सुटणार नाही असं वाटलं, वेळ शिल्लक असली, तर मोठे खेळाडूही दोरी उतरवतात आणि पुन्हा ओढतात. सामने बघताना मुलांना हे दाखवा. टीव्हीवर आपलं लक्ष बाणाकडे असतं, उतरवलेल्या दोरीकडे जात नाही.

माझं पुढे काय झालं

त्या वर्षीची स्पर्धा माझी बुडाली. पुढच्या वर्षी राज्य पातळीवर गेले, 32 पौंडांचं धनुष्य घेऊन. दुसऱ्या दिवशी फेरी चालू असताना एक कुत्रं मैदानात शिरलं आणि शिट्ट्या वाजू लागल्या. माझी दोरी पूर्ण ओढलेली, क्लिकर वाजायच्या बेतात. मी उतरवली. हात थरथरले नाहीत. शेजारच्या मुलीचा बाण मात्र सुटला. कुत्र्याला लागला नाही, पण तिचा चेहरा पांढराफटक पडला. तो चेहरा माझ्या ओळखीचा होता. मी तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "चल, आधी पाणी पिऊया."

मी त्या स्पर्धेत अकरावी आले. पदक नाही. पण घरी येताना गाडीत मला पहिल्यांदाच वाटलं की आता आपल्याला धनुष्य येतं.

तो बांधावरचा पोरगा आता उंच झालाय. मागच्या वर्षीपासून रविवारी मैदानावर येतो. रेषेवर माझ्या डाव्या बाजूला उभा राहतो, 22 पौंडांचं धनुष्य घेऊन. त्याला ती सकाळ आठवत नाही. मी अजून सांगितलेली नाही. सर "डाउन" म्हणतात तेव्हा सगळ्यांत शांतपणे तोच उतरवतो.

मंडळी, दसरा जवळ आलाय. खंडेनवमीला घरात धनुष्याची पूजा कराल, हळद-कुंकू वाहाल. त्याआधी एक रविवार काढा, दोरी तपासा, बाण वाकवून बघा, आणि पाच वेळा ओढून पाच वेळा उतरवा. कुणाला आमच्या मैदानावर यायचं असेल तर रविवारी सकाळी सात वाजता नक्की या. फक्त लाल झेंडा वर असेल तर बांधावरून नको, पुढच्या फाटकाने या.